पेशंटच्या मनात जीव द्यायचे विचार आहेत का, ते कसं ओळखायचं आणि कसं विचारायचं: नवीन लोकांसाठी

इंटर्न, पहिल्या वर्षाचे रेसिडेंट, नुकत्याच ड्युटीला लागलेल्या सिस्टर, काउन्सेलिंग शिकणारे, तुमच्यासाठी हे लिहितेय. नवीन माणसाची गाडी या कामात अडते ती सरळ विचारण्यापाशी. पेशंट समोर बसलाय, चेहरा उतरलेला, बोलता बोलता म्हणून गेलाय की आता कशातच राम उरला नाही, आणि आपण मात्र झोप कशी आहे, भूक लागते का, पोट साफ होतं का यातच घुटमळतोय, कारण आत्महत्या हा शब्द तोंडातून काढायची भीती वाटते. ही भीती जायला हवी, आणि विचारल्यावर उत्तर "हो" आलं तर पुढे काय करायचं ते हाताशी असायला हवं.

जगात दरवर्षी सात लाखांहून जास्त माणसं आत्महत्येने जातात. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या आकड्यांत १५ ते २९ वयोगटात मृत्यूच्या कारणांमध्ये हे तिसरं कारण आहे. आणि यातले बरेच जण त्याआधी कुठल्या ना कुठल्या डॉक्टरसमोर बसून गेलेले असतात. लुओमा आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये तोवरचे अभ्यास एकत्र करून पाहिले तेव्हा सरासरी ४५ टक्के लोक शेवटच्या महिन्यात साध्या ओपीडीसारख्या प्राथमिक सेवेत येऊन गेलेले निघाले. म्हणजे हा विषय फक्त सायकियाट्रीवाल्यांचा नाही.

वाचणाऱ्यांपैकी कुणी स्वतःच अशा विचारांत अडकलं असेल तर हा लेख बाजूला ठेवा, आत्ता जवळच्या एका माणसाला सांगा, आपल्या भागातल्या क्रायसिस हेल्पलाइनला फोन लावा किंवा थेट इमर्जन्सीत जा. आरोग्यसेवेतल्या माणसांवरही ही वेळ येते, आणि यावर उपचार आहेत.

विचारल्याने विचार डोक्यात शिरतो का?

नाही. मॅडलिन गूल्ड आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये अमेरिकेतल्या २,३४२ शाळकरी मुलांवर हेच तपासलं, अर्ध्या मुलांना आत्महत्येबद्दल थेट प्रश्न विचारले, अर्ध्यांना नाही, आणि दोन दिवसांनी बघितलं तर विचारलेल्या मुलांचा त्रास काही वाढलेला नव्हता. उलट ज्यांना आधीच डिप्रेशनची लक्षणं होती किंवा ज्यांनी आधी प्रयत्न केला होता त्या मुलांपैकी, ज्यांना विचारलं ती न विचारलेल्यांपेक्षा जरा हलकी वाटली. त्यानंतरही अनेक अभ्यासांत हेच दिसलंय. ज्याच्या मनात हे चाललंय तो एकटाच ते ओझं घेऊन बसलेला असतो, कुणीतरी न दचकता विचारलं तर बहुतेक जण बोलतात, काही जण तर सुटल्यासारखं रडतात.

पायरी १: आधी लक्षणं ओळखायला शिका, आणि दोन गोष्टी वेगळ्या ठेवा

रिस्क फॅक्टर वेगळे आणि धोक्याची लक्षणं वेगळी, नवीन लोक यांची हमखास गल्लत करतात. आधी केलेला प्रयत्न, डिप्रेशन, बायपोलर, स्किझोफ्रेनिया, दारू किंवा ड्रग्ज, जुनाट दुखणं, लहानपणी झालेला अत्याचार, घरात कुणाची आत्महत्या, एकटेपणा, हे सगळे रिस्क फॅक्टर. यांतला आधीचा प्रयत्न सगळ्यात वजनदार. पण हे फॅक्टर वर्षानुवर्षं तसेच असतात, त्यावरून आजची रात्र कशी जाईल ते कळत नाही. धोक्याची लक्षणं म्हणजे गेल्या काही दिवसांत, काही तासांत माणसात जे बदललंय ते. म्हणून आपला पहिला प्रश्न नेहमी हाच, की आधी हा माणूस कसा होता आणि आत्ता काय वेगळं झालंय.

बोलण्यातून कळतं ते असं: "झोपलो की उठूच नये असं वाटतं", "मी सगळ्यांना जड झालेय", "माझ्यामागे तुम्ही नीट राहा", "सगळ्या वाटा बंद झाल्यात", "एकदाचं सुटायचंय". यातलं "मी जड झालोय" हे वाक्य कानावर पडलं की थांबा. थॉमस जॉइनर यांनी २००५ मध्ये जी थिअरी मांडली त्यात दोन भावनांवर भर आहे, एक म्हणजे आपण कुणाचेच नाही आणि दुसरी म्हणजे आपण नसलो तर बाकीच्यांचं बरं होईल. या दोन्ही एकत्र आल्या, सुटकेची आशा संपली आणि त्यात मरणाची भीतीही कमी झालेली असली (आधीचे प्रयत्न, सतत सोसलेल्या वेदना यांमुळे ती होते) की धोका खूप वाढतो. प्रत्यक्ष कामात हे फार उपयोगी पडतं, कारण "मी जड झालेय" हे पेशंट आत्महत्येचं नाव न घेता सहज बोलून जातात आणि ऐकणारा "अहो असं काय बोलता" म्हणून विषय मिटवून टाकतो.

वागण्यातून कळतं ते म्हणजे जीव घ्यायच्या साधनांची शोधाशोध, आवराआवर, आवडत्या वस्तू वाटून टाकणं, हिशेब मिटवणं, लांबच्या माणसांना अचानक फोन करून निरोपासारखं बोलणं, माणसांतून अंग काढून घेणं, दारू वाढणं, जिवाची पर्वा नसल्यासारखं वागणं. आणि शरीराकडेही बघा, कारण झोप पूर्ण उडालीय आणि माणूस एका जागी बसू शकत नाहीये, येरझाऱ्या घालतोय, हात चोळतोय, ही अस्वस्थता तोंडाने काहीही सांगितलं तरी गंभीर धरायची. इथे एक गोष्ट नवीन रेसिडेंटनी डोक्यात पक्की बसवावी: नुकतंच अँटिसायकोटिक चालू केलंय किंवा डोस वाढवलाय आणि पेशंट म्हणतोय की पायांत कसंतरी होतंय, बसवत नाही, तर ते अकथिजिया, म्हणजे औषधामुळे येणारी अस्वस्थता, असू शकतं, पेशंटला ते असह्य होतं, आणि ते औषध बदलून, डोस कमी करून कमी करता येतं.

आणखी एक, कित्येक दिवस तळमळणारा पेशंट अचानक शांत, हसरा झाला आणि त्यामागे उपचारांचं किंवा परिस्थितीचं काही कारण दिसत नसेल तर "बरं वाटतंय" एवढंच लिहून पुढे जाऊ नका, मनात काही ठरवून झाल्यामुळेही अशी शांतता येते. जवळ बसा आणि विचारा, काय बदललं.

पायरी २: बोलायला बसण्याआधी

पेशंटने आधीच स्वतःला काही केलं असेल, काही घेतलं असेल, तर आधी जीव वाचवा, बाकी सगळं नंतर. वरवर ठीक दिसणारा माणूसही आतून बिघडत असू शकतो, म्हणून "थोडंसंच घेतलं" यावर विसंबून मेडिकल तपासणी सोडायची नाही. नशेत असेल तर तेवढ्यापुरतं सुरक्षित ठेवा, उतरल्यावर परत नीट असेसमेंट करा, आणि मधल्या काळात घरी पाठवू नका.

मग जागा. पडद्याआड, शेजारच्या बेडला ऐकू जाईल अशा ठिकाणी कुणी खरं बोलत नाही. नातेवाइकांना थोडा वेळ बाहेर बसवा, "मी प्रत्येक पेशंटशी थोडा वेळ एकट्याने बोलते" एवढं पुरतं. टीनएजरच्या बाबतीत तर हे झालंच पाहिजे, आईवडील समोर असताना मूल "काही नाही" एवढंच म्हणणार. खोलीत स्वतःला इजा करता येईल असं काही आहे का ते नजरेने बघून घ्या, दरवाजा तुमच्या आणि पेशंटच्या दोघांच्याही आवाक्यात असू द्या, आणि धोका आत्ताचा वाटत असेल तर पेशंटला एक मिनिटही एकटं ठेवायचं नाही, टॉयलेटला जातानाही नाही. फोन सायलेंट. उभ्याने विचारू नका, बसा.

गुप्ततेबद्दल सुरुवातीलाच खरं सांगा: आपलं बोलणं आपल्यात राहील, पण तुमच्या जिवाला धोका वाटला तर तुम्हाला वाचवण्यासाठी जेवढं लागेल तेवढं मला इतरांना सांगावं लागेल. कुणालाच सांगणार नाही असं वचन देऊ नका, नंतर ते मोडावं लागतं आणि पेशंटचा भरवसा कायमचा जातो.

पायरी ३: प्रत्यक्ष विचारणं

सगळ्यात जास्त वेळ याच पायरीला द्या, बाकी पायऱ्या यावरच उभ्या आहेत.

पेशंटच्या त्रासापासून सुरू करा आणि तिथून एकेक पाऊल आत जा. समजा पन्नाशीतले गृहस्थ आहेत, नोकरी गेलीय, झोप येत नाही म्हणून आलेत. संभाषण साधारण असं जाऊ शकतं:

"काका, गेले दोन महिने तुम्ही बरंच सोसताय. इतकं सगळं अंगावर आलं की काही जणांना जगणं नकोसं होतं. तुम्हाला तसं कधी वाटलं?"

"वाटतं कधीकधी. पण ते सगळ्यांनाच वाटतं."

"कधीकधी म्हणजे? शेवटचं कधी वाटलं?"

"काल रात्री."

"काल रात्री नेमकं काय मनात आलं?"

"की सकाळी जागच येऊ नये."

"स्वतःचा जीव घ्यावा, असाही विचार आला का?"

(बराच वेळ गप्प.) "आला."

इथे गप्प राहायला शिका. ती शांतता लगेच भरून काढायची घाई नको. आणि "आला" म्हटल्यावर पुढचं वाक्य "अहो तुम्हाला मुलंबाळं आहेत" हे नसावं, कारण त्यात त्यांना ऐकू येतं ते एवढंच की तुम्ही चुकीचं बोललात, आता गप्प बसा. त्याऐवजी म्हणा, "सांगितलंत ते बरं झालं. मला अजून समजून घ्यायचंय. कसं करायचं ते डोक्यात आलं होतं का?" मग पुढे, ते साधन हाताशी आहे का, ते करायचंच असं किती पक्कं वाटतं, कधी, काही तयारी केली का, आणि काल रात्री थांबलात ते कशामुळे.

हीच चढण कोलंबिया स्केलमध्ये आहे, केली पोस्नर आणि सहकाऱ्यांचं ते, २०११ मध्ये प्रसिद्ध झालं. त्याच्या छोट्या फॉर्ममध्ये सहा प्रश्न: मरून जावंसं वाटणं, जीव घ्यायचा विचार, कसं करायचं याचा विचार, करायचा इरादा, ठरलेला प्लॅन आणि इरादा, आणि सहावा प्रश्न प्रत्यक्ष काही केलं किंवा तयारी केली का, आयुष्यात कधीही आणि गेल्या तीन महिन्यांत. नवीन असताना तो फॉर्म खिशात ठेवा, प्रश्न विसरत नाहीत. गर्दीच्या कॅज्युअल्टीत लहान मुलं आणि तरुणांसाठी आस्क नावाचं चार प्रश्नांचं साधन आहे, २०१२ चं. त्यात एकाही प्रश्नाला हो आलं तर "आत्ता या क्षणी असे विचार आहेत का" हा पाचवा प्रश्न विचारायचा असतो. आणि पीएचक्यू-९, म्हणजे डिप्रेशनची नऊ प्रश्नांची प्रश्नावली, भरून घेत असाल तर त्यातल्या मरणाच्या आणि स्वतःला इजा करण्याच्या विचारांबद्दलच्या नवव्या प्रश्नाचं उत्तर शून्य सोडून काहीही आलं की त्याच वेळी पेशंटशी बोला, टोटल स्कोअर कमी आहे म्हणून फाइल मिटू नका.

विचारण्याची पद्धत मला सगळ्यात जास्त मानसोपचारतज्ज्ञ शॉन शे यांच्या केस (CASE) अप्रोच नावाच्या मुलाखतीच्या पद्धतीतून कळली. ते चार टप्प्यांत जातात: आत्ता ज्या घटनेमुळे पेशंट आलाय ती, मग गेले दोनेक महिने, मग त्याआधीचा सगळा काळ, आणि शेवटी आत्ता इथे बसल्या बसल्या काय वाटतंय आणि पुढे काय होईल. त्यातल्या दोनतीन युक्त्या लगेच उचलण्यासारख्या आहेत. एक, मतं न विचारता घटना विचारायची, म्हणजे "तुम्ही सिरियस होता का" असं न विचारता "मग तुम्ही उठलात, पुढे काय केलंत, हातात काय होतं, मग काय झालं" असं एकेक फ्रेम पुढे सरकवत न्यायचं, यात लपवणं अवघड जातं आणि सांगणं सोपं जातं. दोन, "अजून कुठले कुठले मार्ग मनात आले" असं विचारायचं, "अजून काही नाही ना" असं नाही. नकारार्थी प्रश्नाला उत्तरही "नाही" असंच येतं. तीन, दिवसातला किती वेळ हे विचार असतात ते विचारताना मोठा आकडा स्वतःच सुचवायचा, "दिवसातले आठ तास, दहा तास?", मग "नाही हो, तीनचार तास" हे सांगायला पेशंटला लाज वाटत नाही, आणि तीनचार तास म्हणजे थोडके नव्हेत.

आधीच्या प्रयत्नाबद्दल विचारताना इजा किती झाली यावरून गांभीर्य ठरवू नका. पेशंटला काय वाटलं होतं, याने आपण नक्की जाणार असं, ते जास्त महत्त्वाचं. कुणी येऊ नये अशी वेळ निवडली होती का, चिठ्ठी लिहिली होती का, नंतर स्वतः मदत मागितली की योगायोगाने सापडले, आणि वाचल्याचं आता काय वाटतं. "वाचलो याचं वाईट वाटतं" हे उत्तर आलं तर त्या दिवशी घरी पाठवायचा विचारही करू नका, सीनियरला बोलवा.

फक्त त्रास सहन व्हावा म्हणून स्वतःला इजा करणारे पेशंट असतात, मरायचं त्यांच्या मनात नसतं. ते वेगळं नोंदवा. पण "नाटक", "अटेंशन" हे शब्द वॉर्डात कुणी वापरले तर तिथेच थांबवा, कारण यांच्यातही पुढे आत्महत्येचा धोका वाढलेलाच असतो.

पायरी ४: काय धरून ठेवतंय ते शोधा

मरायचंय आणि जगायचंय, हे दोन्ही एकाच माणसात एकाच वेळी असतं, जवळजवळ प्रत्येक पेशंटमध्ये. आपलं काम जगायच्या बाजूला हात देण्याचं. म्हणून "इतकं असूनही आजपर्यंत कशामुळे थांबलात?" हा प्रश्न नक्की विचारा आणि उत्तर पेशंटच्याच शब्दांत लिहून घ्या. फॉर्मवर "विवाहित, दोन मुलं" असं बघून प्रोटेक्टिव्ह फॅक्टर म्हणून टिक करणं धोक्याचं आहे. मुलं असणं हा आधारही असतो आणि "मी त्यांच्यावर ओझं आहे" या विचाराचं मूळही असू शकतं, ते विचारल्याशिवाय कळत नाही.

पायरी ५: घरच्यांशी बोला

पेशंटची परवानगी मागा, बहुतेक जण देतात. नाही दिली तरी घरच्यांचं ऐकून घेण्यात गुप्तता मोडत नाही, तुम्ही काही सांगत नाही, फक्त ऐकताय. आणि जिवाचा धोका असेल तेव्हा गरजेपुरतं सांगण्याबद्दल तुमच्या ठिकाणचा कायदा आणि हॉस्पिटलची पॉलिसी काय आहे ती आधीच वाचून ठेवा, रात्री दोन वाजता शोधत बसू नका. घरच्यांना विचारायचं ते हे: काय बदललंय, कधीपासून, काही बोलले का, काही सापडलं का. पेशंट "काही नाही" म्हणतोय आणि बायको म्हणतेय की काल कपाटातली कागदपत्रं लावून ठेवली आणि मला दाखवली, तर बायकोचं ऐका.

पायरी ६: ही माहिती जोडून चित्र कसं तयार करायचं

आता नवीन लोकांना वाटतं की स्कोअर काढायचा, लो-मीडियम-हाय लिहायचं आणि झालं. तसं नाही. २०१७ मध्ये फ्रँकलिन आणि सहकाऱ्यांनी ५० वर्षांतले ३६५ अभ्यास एकत्र तपासले, आणि निघालं काय तर रिस्क फॅक्टरवरून आत्महत्येचा अंदाज बांधणं हे नाणं उडवून सांगण्यापेक्षा थोडंसंच बरं. ब्रिटनच्या नाइस संस्थेची २०२२ ची गाइडलाइन तर स्पष्ट सांगते की पुढे कोण आत्महत्या करेल किंवा पुन्हा स्वतःला इजा करेल हे वर्तवण्यासाठी स्केल वापरू नका, आणि उपचार कुणाला द्यायचे ते लो-मीडियम-हायवरून ठरवू नका. स्केल हे प्रश्न विसरू नयेत म्हणून आहेत. आपल्याला भविष्य सांगायचं नाहीये, या माणसाला आज काय लागेल ते ठरवायचंय.

त्यासाठी अँथनी पिसानी आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये मांडलेले चार प्रश्न मला सगळ्यात कामाचे वाटतात. याच्यासारख्या इतर पेशंटच्या तुलनेत धोका किती? याच्या स्वतःच्या एरवीच्या स्थितीच्या तुलनेत आत्ता किती? संकटात वापरता येईल असा कुठला आधार आहे, आतला आणि बाहेरचा? आणि पुढे असं काय घडू शकतं ज्याने हे झपाट्याने बदलेल? चौथा प्रश्न तर सोनं आहे. वरच्या काकांचं उदाहरण घ्या, पुढच्या आठवड्यात मुलगी परगावी शिकायला चाललीय, किंवा एका नोकरीचा निकाल यायचाय. तो नकार आला तर? हे आज पेशंटबरोबर बसून बोलून ठेवलं तर त्या दिवसाची तयारी करता येते.

काही पेशंटमध्ये जास्त सावध राहा, थोडक्यात सांगते. वयस्कर माणसं विचार बोलून दाखवत नाहीत आणि त्यांचे प्रयत्न जास्त जीवघेणे ठरतात. सायकोसिसमध्ये, म्हणजे भास-भ्रम होत असतील तेव्हा, "आवाज काय सांगतात, करायला सांगतात का, ऐकावंसं वाटतं का" हे विचारा. बाळंतपणानंतर आईला तिच्या स्वतःच्या विचारांबद्दल आणि बाळाला इजा करण्याच्या विचारांबद्दल, दोन्ही विचारा. आणि २५ वर्षांखालच्या पेशंटला अँटिडिप्रेसंट चालू केलं तर पहिले काही आठवडे लवकर लवकर बोलवा, याच वयोगटात असे विचार वाढू शकतात म्हणून अमेरिकेच्या एफडीएने २००४ मध्ये मुलांसाठी ठळक इशारा दिला आणि २००७ मध्ये तो २४ वर्षांपर्यंत वाढवला. याचा अर्थ औषध द्यायचं नाही असा नाही, लक्ष ठेवायचं असा.

पायरी ७: प्लॅन, पेशंटच्या हातात जाणारा

इरादा पक्का आहे, प्लॅन ठरलेला आहे, साधन हाताशी आहे, नुकताच गंभीर प्रयत्न झालाय, सायकोसिस किंवा तीव्र अस्वस्थता आहे, किंवा घरी सोबतीला कुणीच नाही, असं असेल तर एकट्याने निर्णय घेऊ नका, सीनियरला आणि सायकियाट्रीला लगेच कळवा, ॲडमिशनचा विचार होईपर्यंत पेशंटसोबत माणूस ठेवा.

"मी काही करून घेणार नाही" असं लिहून घेऊन सही घेणं काही ठिकाणी अजून चालतं. त्याने जीव वाचतात याला पुरावा नाही, आणि पेशंट पुढच्या वेळी खरं सांगायला कचरतो. त्याऐवजी सेफ्टी प्लॅन करा, बार्बरा स्टॅनली आणि ग्रेगरी ब्राउन यांनी २०१२ मध्ये मांडलेला, सहा भागांचा. पेशंटच्या शब्दांत, जमल्यास त्याच्याच अक्षरात. माझ्यात काय सुरू झालं की समजायचं वादळ येतंय. तेव्हा मी एकट्याने काय करू शकतो. कुठल्या जागी, कुणासोबत गेलो की मन दुसरीकडे वळतं. कुणाला सांगू शकतो की मला आत्ता मदत हवीय. कुठल्या डॉक्टरला, कुठल्या हेल्पलाइनला फोन करायचा. आणि घर सुरक्षित कसं करायचं. "फिरायला जा" असं मोघम लिहू नका, कुठे, कुणाबरोबर, रात्री दोनला हे विचार आले तर काय, हे सगळं विचारा. प्रत्येक भागानंतर "हे तुम्हाला खरंच जमेल का, काय आड येईल" हे विचारलंच पाहिजे, नाहीतर तो नुसता कागद राहतो.

सहावा भाग अवघड वाटतो म्हणून लोक टाळतात, पण जीव वाचवण्यात त्याचा वाटा फार मोठा आहे. पेशंटने ज्या साधनाचा विचार केलाय ते त्याच्या हाताशी राहू नये, यासाठी घरच्यांच्या मदतीने आजच व्यवस्था करायची, ते घराबाहेर जाईल किंवा दुसऱ्याच्या ताब्यात, कुलपात जाईल, आणि झालं का ते फोन करून विचारायचं. औषधं थोड्या दिवसांचीच लिहून द्या. "एक वाट बंद केली तर माणूस दुसरी शोधेलच" असं सीनियरसुद्धा म्हणतात, ते खरं नाही. तीव्र इच्छेची लाट बहुतेकदा थोड्या वेळाची असते. रिचर्ड सायडेन यांनी १९७८ मध्ये, एका पुलावर अगदी शेवटच्या क्षणी अडवल्या गेलेल्या ५१५ लोकांचं पुढे काय झालं ते शोधलं, त्यातले सुमारे ९४ टक्के अनेक वर्षांनंतरही हयात होते किंवा नैसर्गिक कारणांनी गेलेले होते. श्रीलंकेत सर्वात विषारी कीटकनाशकांवर टप्प्याटप्प्याने बंदी आली आणि १९९५ ते २००५ दरम्यान देशातला आत्महत्येचा दर निम्म्यावर आला. पेशंटने एकदा प्रयत्न केला म्हणजे आता काही उपयोग नाही असं वाटणाऱ्यांनी हेही लक्षात घ्यावं, प्रयत्नातून वाचलेल्या दहापैकी साधारण नऊ जण पुढे आत्महत्येने जात नाहीत.

पायरी ८: नोट

"सुसायडल आयडिएशन नाही" एवढी एक ओळ लिहून नोट संपवू नका, पुढच्या ड्युटीवाल्याला त्यातून काही कळत नाही. साधारण अशी नोट हवी: "जीव घ्यायचे विचार दोन आठवडे, रोज रात्री तीनचार तास. कसं करायचं ते मनात आहे, तयारी केलेली नाही. काल रात्री मुलीचा फोन आला म्हणून थांबले. आधी प्रयत्न नाही. एरवीपेक्षा धोका बराच वाढलेला. नोकरीचा नकार आल्यास आणखी वाढेल. पत्नीशी बोलले, साधन आज घराबाहेर जाईल, उद्या फोन करून खात्री करायची. सेफ्टी प्लॅन केला, कॉपी पेशंटकडे. सीनियरशी चर्चा झाली. पुढची भेट तीन दिवसांनी." शिफ्ट बदलताना हे तोंडीही सांगा, नुसतं फाइलमध्ये आहे म्हणून सोडू नका.

पायरी ९: फॉलोअप

वॉर्डातून डिस्चार्ज झाल्यानंतरचा पहिला आठवडा आणि पहिले तीन महिने हा सगळ्यात धोक्याचा काळ. आपण मात्र "दोन आठवड्यांनी ओपीडीत या" म्हणून मोकळे होतो. पहिला फोन ७२ तासांच्या आत करा. २०१८ मध्ये स्टॅनली यांच्या टीमने अमेरिकेत माजी सैनिकांच्या हॉस्पिटलांच्या इमर्जन्सीत सेफ्टी प्लॅन आणि नंतर असे फोन केले, तर सहा महिन्यांत आत्मघाती वर्तन नेहमीची सेवा मिळालेल्यांपेक्षा सुमारे ४५ टक्क्यांनी कमी झालं. त्याच्याही कितीतरी आधी जेरोम मोटो यांनी, डिस्चार्जनंतर उपचार नको म्हणणाऱ्या पेशंटना पाच वर्षं अधूनमधून चार ओळींचं साधं पत्र पाठवलं, तुमची आठवण आहे, कसे आहात, एवढंच, उत्तराची अपेक्षा नाही. ज्यांना पत्रं गेली त्यांच्यात पहिल्या दोन वर्षांत आत्महत्यांचं प्रमाण कमी राहिलं.

फोनवर तीनच गोष्टी बघा: विचार आता कसे आहेत, प्लॅन वापरला का आणि कुठे अडलं, पुढच्या भेटीला यायला काही अडचण आहे का. अडलं असेल तो भाग फोनवरच दोघांनी मिळून बदला. आणि पेशंटने फोन उचलला नाही तर दिवसभरात पुन्हा लावा, तरी नाही तर प्लॅनमध्ये ज्यांचं नाव दिलंय त्यांना फोन करा, त्यांनाही काही माहीत नसेल आणि काळजी वाटण्यासारखं असेल तर घरी जाऊन बघायला सांगा, गरज पडल्यास पोलीस किंवा इमर्जन्सी सेवेची मदत घ्या. हे कुणी करायचं, तुम्ही की पुढच्या शिफ्टने, ते पेशंट वॉर्डातून बाहेर पडायच्या आधीच नाव घालून फाइलमध्ये लिहा.